बेळगाव भागात हॉटेलला दारूचं लायसन: आधी टेप, मग ॲडव्हान्स

माझा मेहुणा चिकोडी भागातला. चालू असलेलं एक बारचं लायसन विकत घेऊन ते आपल्या नव्या हॉटेलात आणायचं त्याच्या मनात होतं. जागा बघितली. पुढं रस्ता, मागं स्वयंपाकघराला ऐसपैस जागा, गाड्या लावायला पटांगण. शाळा जवळ होती, म्हणून त्यानं स्कूटरवर अंतर मोजलं. "दाजी, पॉइंट दोन दावतोय, म्हणजे दोनशे मीटर. शंभरचा नियम आहे, डबल झालं की!" म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी मालकाला ॲडव्हान्स दिला.

पुढं पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी स्कूटर काढलीच नाही. हॉटेलच्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं, पोरं शाळेला कुठून जातात? शेजारच्या म्हातारीनं बोट दाखवलं. दोन घरांमधून बोळ होता, सायकलसुद्धा नीट जाणार नाही असला. टेप त्या बोळातून गेली आणि शाळेच्या गेटच्या मध्यावर ९१ मीटर भरले. फाइल तिथंच थांबली. ॲडव्हान्सपैकी निम्मे पैसे परत मिळाले, तेही वर्षभरानं.

म्हणून या लेखात मी अर्जाच्या नमुन्यापासून नाही, जागेपासून सुरुवात करतो. दारूचं लायसन माणसाला मिळतं, पण ते एका ठरावीक इमारतीच्या ठरावीक चतुःसीमेला बांधलेलं असतं. जागा चुकली की बाकी सगळे कागद चोख असून उपयोग नाही.

कुठलं लायसन पाहिजे, ते आधी ठरवा

महाराष्ट्रातून येणाऱ्यांचा इथंच घोळ होतो. शिनोळीच्या बाजूला पाटीवर 'परमिट रूम' लिहिलेलं असतं आणि ते लायसन एफएल-३ असतं. बाचीची वेस ओलांडून अलीकडं आलं की कायदा बदलतो, खातं बदलतं आणि शब्दही बदलतात. आपल्याकडं कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ आणि त्याखालचे १९६७ आणि १९६८ चे नियम चालतात. लायसनच्या नावापुढं 'सीएल' आणि आकडा असतो. हॉटेलवाल्याला सगळे प्रकार पाठ करायची गरज नाही, एवढे कळले की पुरे:

सीएल-२ म्हणजे वाईन शॉप. सीलबंद बाटली छापील किमतीत विकायची, तिथं बसून प्यायला द्यायचं नाही.

सीएल-९ म्हणजे आपण ज्याला 'बार अँड रेस्टॉरंट' म्हणतो ते. नियमात याला उपाहारगृहाचं लायसन धरलं आहे, त्यामुळं स्वयंपाकघर पाहिजेच. गिऱ्हाइकानं बसून जेवणाबरोबर प्यायचं. पार्सल बाटली द्यायची नाही.

सीएल-७ म्हणजे लॉजसकट हॉटेल. राहण्याच्या किमान किती खोल्या पाहिजेत हे गावाच्या लोकसंख्येवर ठरतं. अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांसाठी याच प्रकारचं सीएल-७डी आहे.

सीएल-५ म्हणजे प्रासंगिक, एखाद्या कार्यक्रमापुरतं. मंगल कार्यालयवाले मला याबद्दल बरेचदा विचारतात. लग्नाच्या आदल्या रात्री मागच्या खोलीत जे चालतं त्याला हे लायसन लागतं. 'घरचाच कार्यक्रम आहे हो' हे उत्तर चालत नाही.

याशिवाय क्लबला सीएल-४, तारांकित हॉटेलला सीएल-६ए आहे. ते सोडून देऊ.

आता मुख्य अडचण. १९९२ पासून कर्नाटकात नवीन सीएल-२ आणि सीएल-९ देणं बंद आहे. त्यामुळं 'नवीन बारचं लायसन काढून देतो' म्हणणारा एजंट भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. सरकारनं २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात न दिलेली, पडून असलेली लायसन ई-लिलावानं देण्याचं जाहीर केलं. त्यात भाग घ्यायचा असेल तर जिल्ह्याच्या अबकारी कार्यालयात जाऊन अधिसूचना स्वतः बघा, कुणाच्या व्हॉट्सॲपवरच्या पीडीएफवर जाऊ नका. लिलाव सोडला तर साध्या माणसाला दोनच वाटा उरतात. एक, कुणाचं तरी जुनं सीएल-९ विकत घेऊन आपल्या नावावर करणं. दोन, खोल्या बांधून सीएल-७ मागणं.

दुसरी वाट लांबची, पण हिशोबानं मला बरी वाटते. जुन्या सीएल-९ ला बाजारात जो भाव आहे तो सरकारी फीच्या कितीतरी पट असतो, आणि तो पैसा एका कागदात अडकतो. खोल्या बांधल्या तर उद्या लायसन नाही मिळालं तरी लॉज राहतो. मात्र खोल्या दाखवण्यापुरत्या नकोत. पाहणीत त्या मोजल्या जातात, आत संडास-बाथरूम आहे का बघतात, राहणाऱ्यांचं रजिस्टर आणि भाड्याची बिलं मागतात. एका खोलीत कांद्याची पोती आणि दुसरीत वेटर झोपलेले असले तर त्या खोल्या धरत नाहीत.

जागा: टेप कशी धरायची

१९६७ च्या नियमांतला ५ वा नियम छापून खिशात ठेवा. देवस्थान, शैक्षणिक संस्था, इस्पितळ, केंद्र-राज्य सरकारची किंवा स्थानिक संस्थेची कचेरी यांच्यापासून १०० मीटरच्या आत दारूची जागा चालत नाही. अनुसूचित जाती-जमातीची वस्ती प्रामुख्यानं आहे अशा भागातही नाही.

मोजायची रीत अशी. आपल्या जागेच्या दाराचा मध्य धरायचा. तिथून चालणारा माणूस नेहमी ज्या जवळच्या वाटेनं जातो त्या वाटेनं निघायचं. संस्थेला कंपाउंड असेल तर जवळच्या गेटच्या मध्यापर्यंत, नसेल तर इमारतीच्या दाराच्या मध्यापर्यंत. म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून हवेतलं अंतर नाही, आणि गाडीरस्त्याचंही नाही. मोबाइलवरच्या नकाशातलं चालण्याचं अंतर हा नुसता अंदाज. बोळ, तुटलेल्या कंपाउंडमधली वाट, गटारावर टाकलेली फरशी, यातलं काही तो नकाशा दाखवत नाही. मेहुण्याच्या बाबतीत हेच झालं.

दोन माणसं आणि ३० मीटरची टेप घ्या, शक्यतो शाळा सुटायच्या वेळी जा. पोरं कुठून येतात ते डोळ्यांनी दिसतं. प्रत्येक टेपेला खडूनं खूण करा, मोबाइलवर फोटो काढा. ११० मीटर भरले तर मी ती जागा घेत नाही. टेप थोडी सैल धरली, दाराचा मध्य इकडं-तिकडं झाला की दहा मीटर कुठं जातात कळत नाही. १३० च्या पुढं असेल तर निवांत.

बेळगाव शहरात हे फार जड जातं. जुन्या गल्ल्यांमध्ये कुठल्याही दारातून शंभर मीटर चाललात तर एक मारुती, एक विठ्ठल मंदिर आणि एक मराठी शाळा लागतेच. कुठलं देवस्थान नियमात धरतात आणि कुठलं नाही याचं स्पष्टीकरण नियमाबरोबर आहे. पण झाडाखालच्या शेंदराच्या दगडावरून गल्लीतल्या पंचांशी वाद घालून धंदा सुरू करणं शहाणपणाचं नाही. उद्या तेच लोक जिल्हाधिकाऱ्यांकडं निवेदन घेऊन जातील. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत जागा असेल तर इमारतीचे आणि धंद्याचे कागद महापालिकेचे नाहीत, बोर्डाचे लागतात.

हायवेचं प्रकरण वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयानं १५ डिसेंबर २०१६ ला राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी घातली. ३१ मार्च २०१७ ला वीस हजार किंवा त्याहून कमी लोकसंख्येच्या ठिकाणी ते अंतर २२० मीटर केलं. त्याच वर्षी जुलैत नगरपालिका-महापालिकांच्या हद्दीला यातून मोकळीक मिळाली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये शहरासारख्या वाढलेल्या पंचायतींबद्दलचा निर्णय राज्यांवर सोडला. आपल्या भागात याचा अर्थ काय? पुणे-बंगळूर महामार्ग ४८ निपाणी, संकेश्वर, हत्तरगीवरून येतो. बेळगावहून खानापूर, अनमोडकडं ७४८ जातो. या रस्त्यांवर नगरपालिकेची हद्द कुठं संपते आणि पंचायतीची कुठं लागते, हे दहा पावलांचं अंतर लाखमोलाचं आहे. हद्दीचा दाखला स्थानिक संस्थेकडून आणि रस्त्यापासूनचं अंतर रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या खात्याकडून लेखी घ्या. 'सगळेच चालवतात' हा दाखला नाही. बिगर लायसनच्या धाब्यावर गिऱ्हाइकाला ग्लास देणारे पुष्कळ आहेत. धाड पडते तेव्हा मालकावरही गुन्हा होतो.

जमीन आणि इमारतीचे कागद

जागा शेतीची असेल तर आधी बिनशेती. कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ च्या ९५ कलमाखाली ती होते, आणि ती व्यापारी वापरासाठी पाहिजे. घरासाठी बिनशेती करून घेतलेल्या जागेत हॉटेल काढलं तर तिथंच अडतं. खानापूर तालुक्यात जंगलाची हद्द आणि भीमगड अभयारण्य जवळ असल्यानं वनखात्याचा प्रश्न येऊ शकतो, तो आधीच विचारून घ्या.

मग उतारा किंवा खाता (स्थानिक संस्थेकडची मिळकतीची नोंद), मंजूर नकाशा, इमारत पूर्ण झाल्याचा दाखला, चालू वर्षाच्या घरपट्टीची पावती. जागा भाड्याची असेल तर नोंदणी केलेला करार, आणि त्यात 'दारूविक्रीसह उपाहारगृह' चालवायला मालकाची संमती स्पष्ट लिहिलेली असावी. नुसतं 'हॉटेल' लिहिलं तर मालक पुढं फिरू शकतो. मी फिरलेला बघितलाय.

उपाहारगृहाचे म्हणून ट्रेड लायसन, अन्नसुरक्षेचं लायसन, अग्निशमनची एनओसी, प्रदूषण मंडळाची संमती, दुकाने-आस्थापना नोंदणी आणि जीएसटी क्रमांक हे सगळं लागतं. यावर जास्त लिहीत नाही, साधं जेवणाचं हॉटेल चालवणाऱ्याकडंही यातलं बरंच असतं. एक ध्यानात ठेवा, दारूवर जीएसटी नाही, जेवणावर आहे. बिलं पहिल्या दिवसापासून वेगळी काढा.

नावाचा घोळ

आपल्या मराठी माणसाची खरी अडचण कायद्यात नाही, नावात आहे. आधारवर 'परशराम', उताऱ्यावर कन्नडमधून आलेलं 'परशुराम', शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव आधी, पॅनवर आडनावच नाही. कचेरीच्या लेखी ही तीन माणसं. अर्ज करण्याआधी सगळे कागद टेबलावर पसरून कन्नड आणि इंग्रजी दोन्हीतली स्पेलिंगं ओळीनं लिहून काढा. जिथं फरक आहे तिथं दुरुस्ती करून घ्या. उताऱ्यावरची दुरुस्ती लांबणार असेल तर 'ही सर्व नावे एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

कचेरीचं काम कन्नडमध्ये चालतं. मराठीतलं संमतीपत्र जोडलं तर भाषांतर मागतात आणि आठवडा जातो. कचेरीजवळचे बाँड रायटर हे काम करून देतात, पण त्यांनी लिहिलेलं दुसऱ्या कन्नड वाचणाऱ्याकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. आणि पाटीचं. २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणं दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे. यावर आपली मतं काहीही असोत, पाटी रंगवणाऱ्याला आधी सांगा, दोनदा रंगवायचा खर्च वाचेल.

जुनं सीएल-९ विकत घेताना

विकणाऱ्याकडून मूळ लायसन आणि मागच्या काही वर्षांच्या नूतनीकरणाच्या पावत्या मागा. अबकारी खात्याची थकबाकी आहे का, लायसनवर काही केस चालू आहे का, हे खात्याच्या रेंज ऑफिसात (आपल्या भागाच्या अबकारी कचेरीत) विचारा. लायसन भागीदारीत असेल तर सगळ्या भागीदारांच्या सह्या. मूळ लायसनदार वारला असेल तर आधी वारसांच्या नावावर व्हायला पाहिजे, मगच तुमच्या. चार भावांतला एक पुण्यात आहे आणि 'तो सही करतोय की' म्हणतात, तिथं सही होईपर्यंत पैसे देऊ नका.

करारात सरळ अट घाला, की हस्तांतराची मंजुरी आली तर उरलेली रक्कम, नाही आली तर दिलेली रक्कम परत, अमुक दिवसांत. पैसे बँकेतून. जागा बदलायची असेल तर नाव बदलणं आणि स्थलांतर या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, दोन्हीचं शुल्क वेगळं. नवी जागा पुन्हा त्या १०० मीटरच्या परीक्षेला बसते.

आणि तो तिसरा प्रकार: "लायसन माझ्या नावावर राहू दे, चालवा तुम्ही, महिन्याला एवढे द्या." आपल्याकडं हे सर्रास चालतं आणि हे बेकायदेशीर आहे. लायसन दुसऱ्याला चालवायला देता येत नाही, पूर्वपरवानगीशिवाय नवा भागीदारही घेता येत नाही. भांडण झालं तर चालवणाऱ्याच्या हातात काही नसतं, आणि गुन्हा झाला तर लायसनदार अडकतो. दोघंही बुडतात असा हा व्यवहार आहे.

अर्ज ते हुकूम

अर्जाबरोबर आधार, पॅन, फोटो, पत्त्याचा पुरावा, ऐपतीचा दाखला, गुन्हा किंवा थकबाकी नसल्याचं प्रतिज्ञापत्र, वरचे सगळे जागेचे कागद आणि नकाशा. नकाशावर मेहनत घ्या. गिऱ्हाइकांची बसायची जागा, काउंटर, स्वयंपाकघर, दारूचा साठा ठेवायची खोली, येण्या-जाण्याची दारं, सगळं मापासह पाहिजे. चारी बाजूंना काय आहे ते लिहा. कचेरीत याला 'चक्कुबंदी' म्हणतात. पुढं अंगणात शेड टाकून चार टेबलं वाढवली आणि ती या नकाशात नसली, तर तिथं दिलेला प्रत्येक पेग लायसनबाहेरचा.

फी ऑनलाइन चलनानं, राज्याच्या कोषागाराच्या खजाने-२ पोर्टलवर भरायची. चलनावरचं नाव आणि अर्जावरचं नाव अक्षरशः एक पाहिजे.

नंतर रेंजचे इन्स्पेक्टर जागा बघायला येतात, मोजमाप करतात, शेजाऱ्यांसमोर पंचनामा करतात. तो 'महजर' म्हणून फाइलीला लागतो. त्या दिवशी तुम्ही स्वतः हजर रहा. शेजाऱ्यांना आधी भेटून ठेवा, आणि फक्त पुरुषांना नको. हरकत बहुतेक वेळा घरातल्या बायकांची असते आणि ती बहुतेक वेळा रास्त असते. दारात गाड्या लागणार, रात्री बारापर्यंत आरडाओरडा होणार. गाड्या कुठं लावणार, संडास कुठं, दार कुठल्या बाजूला, हे त्यांना दाखवलं तर निम्म्या हरकती मिटतात. मिटत नसतील तर ती जागा बारला योग्य नाही हेही मान्य करावं.

अहवाल रेंजकडून उपविभागाकडं, तिथून अबकारी उपायुक्तांकडं, मग जिल्हाधिकाऱ्यांकडं आणि मंजुरीसाठी बंगळूरला अबकारी आयुक्तांकडं जातो. आपल्याकडं दोन्ही साहेबांना लोक 'डीसी'च म्हणतात, त्यामुळं फाइल कुठल्या डीसीकडं आहे ते नीट विचारा. एक माणूस तीन आठवडे चुकीच्या कचेरीत फेऱ्या मारताना मी पाहिलाय. प्रत्येक टप्प्याला आवक क्रमांक आणि तारीख वहीत लिहा. त्रुटीचं पत्र आलं तर उत्तर लेखी द्या आणि पोच घ्या. फोनवर 'सांगितलंय साहेबांना' याला काही अर्थ नाही.

लायसन हातात आल्यावर

माल फक्त केएसबीसीएलच्या डेपोतून. २००३ पासून राज्यात घाऊक विक्री याच सरकारी महामंडळाकडं आहे. आधी पैसे भरायचे, मग माल. प्रत्येक बाटलीवर अबकारीचं लेबल असतं. ते नसलेली एकही बाटली काउंटरमागं नको.

हे मी सीमेवरच्या लोकांना मुद्दाम सांगतो. चोर्ला घाट उतरलं की गोवा, आणि तिथला भाव ऐकून कुणाचंही मन पाघळतं. कणकुंबीच्या नाक्यावर तपासणी चुकवून आणलेली बाटली घरी सापडली तरी गुन्हा. बारमध्ये सापडली तर लायसन जातं. 'माझ्या स्वतःच्या प्यायची होती' हे बारच्या कपाटातल्या बाटलीबद्दल कोण मानणार? चंदगडकडून आणलेल्या मालाचंही तेच.

गिऱ्हाइकाचं वय २१ पूर्ण पाहिजे. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५, शिवाय पिणाऱ्याला परमिट, गोव्यात १८. त्यामुळं गोव्याहून परतणारी कॉलेजची पोरं इथं येऊन हुज्जत घालतात. वेटरला ओळखपत्र मागायला शिकवा आणि मागितल्यावर त्याच्या पाठीशी उभे रहा.

साठ्याचं रजिस्टर रोज रात्री लिहा, सकाळी नव्हे. तपासणीची वही काउंटरलाच ठेवा. बंदीच्या दिवसांसाठी कॅलेंडर वेगळं करा. २ ऑक्टोबर ठरलेला. निवडणुकीत मतदान संपायच्या आधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस. गणपती विसर्जन, शिवजयंतीची मिरवणूक, १ नोव्हेंबर अशा वेळी जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम येऊ शकतो, आणि तो आदल्या संध्याकाळीही येतो. महाराष्ट्रात किंवा गोव्यात निवडणूक असली तर वेशीलगतच्या बारनाही चौकशी करावी लागते.

अबकारीचं वर्ष १ जुलै ते ३० जून. महाराष्ट्रातून आलेले मार्च डोक्यात धरून बसतात आणि जूनमध्ये पळापळ करतात. नूतनीकरणाच्या तयारीला मेमध्ये लागा. अन्नसुरक्षेचं लायसन संपलंय का, ट्रेड लायसनची पावती चालू वर्षाची आहे का, भाडेकरार पुढच्या जूनपर्यंत पोचतो का, हे बघा. मेहुण्यानं नंतर दुसरी जागा घेतली, १६४ मीटर भरली, लायसन आलं. पहिल्याच जूनमध्ये त्याचा भाडेकरार २२ तारखेला संपत होता, आणि मालक काशीयात्रेला गेला होता.